ठाणे–नवी मुंबईत लघुपटासाठी माणसं कशी जमवायची

कॅमेरा भाड्याने मिळतो, लाईट मिळतात, एडिटिंगचं सॉफ्टवेअर तर फुकटही मिळतं. गाडी अडते ती माणसांपाशी. पहिला लघुपट करायला निघालेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "ओळखीचं कुणीच नाही, टीम कुठून आणायची?" आणि ठरलेला समज असतो की सगळी माणसं अंधेरीला असतात. कामाला असतात, हे खरं. पण त्यातले बरेच जण भाडं परवडत नाही म्हणून कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, कामोठे असे राहतात आणि रोज गर्दीतून उलट्या टोकाला जातात. घराजवळ, मराठीत, नीट लिहिलेलं काही घेऊन कुणी आलं तर ही माणसं ऐकून घेतात. बिनपैशाच्या कामाला माणूस हो म्हणतो ते तीन गोष्टी बघून: पटकथा लिहून झालीय का, तारीख ठरलीय का, आणि समोरचा सरळ बोलतोय का. पुढचं सगळं या तिन्हींभोवती आहे.

आधी पानं

"डोक्यात एक कॉन्सेप्ट आहे" असं म्हणत कुणाकडेही जाऊ नका. अशा दहा कॉन्सेप्ट त्या माणसाने त्याच आठवड्यात ऐकलेल्या असतात. संवादांसकट, प्रवेशांसकट लिहिलेली पटकथा हवी, आणि पहिल्या खेपेला ती दहा-बारा पानांच्या आत हवी. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक फॉन्टवर बसलेला आहे. देवनागरीत तो तंतोतंत लागू पडत नाही. त्यामुळे स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा, हालचालींसाठी थांबत वाचा, आणि आलेली वेळ पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मग त्याच पटकथेचं ब्रेकडाऊन करा. पात्रं किती, जागा किती, दिवसाचे प्रवेश कोणते, रात्रीचे कोणते, कुठली वस्तू मिळवावी लागेल. एका कागदावर हे मावतं. तो कागद हातात असला की समोरच्याला कळतं, या माणसाने विचार केलाय. नवख्या मंडळींकडून दिवसाला तीन-चार पानं नीट झाली तरी खूप, हे धरून दिवस मोजा. दोन रविवार निघत असतील तर दोन रविवारच सांगा. "एका दिवसात उरकू" म्हणणाऱ्याबरोबर ज्याने एकदा काम केलंय, तो दुसऱ्यांदा येत नाही.

रेल्वेचा नकाशा समोर ठेवा

हे कुठल्या फिल्म स्कूलमध्ये शिकवत नसतील, पण आपल्याकडे टीम टिकते ती लोकलच्या मार्गावर. ठाणे–वाशी–पनवेल हा ट्रान्स हार्बरचा पट्टा, आणि ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचा मध्य रेल्वेचा पट्टा. तुमची जागा ज्या पट्ट्यात, त्याच पट्ट्यातली माणसं आधी शोधा. खारघरचा संकलक आणि घोडबंदर रोडच्या आतल्या सोसायटीत राहणारा दिग्दर्शक नकाशावर जवळ वाटतात; पण घोडबंदरहून ठाणे स्टेशनला यायला संध्याकाळी जो वेळ लागतो, तेवढ्यात ट्रान्स हार्बरने माणूस अर्ध्या नवी मुंबईत पोचतो.

पॅकअपची वेळ शेवटच्या गाडीच्या हिशेबाने ठरवा. रात्रीचं शूट असेल तर घरी कोण कुणाला सोडणार हे आधीच लिहून ठेवा. मुलींना बोलावताना हे न विचारता सांगायचं असतं: टीममध्ये आणखी किती जणी आहेत, कपडे बदलायला बंद होणारी खोली आहे का, बाथरूम कुठलं, किती वाजता सुटका. पहिली भेट कुणाच्या रिकाम्या फ्लॅटवर ठेवू नका.

भाड्याच्या सामानाचंही तेच. मोठा कॅमेरा अंधेरीहून मागवलात तर बरोबर अटेंडंट येतो. त्याचा भत्ता, येण्याजाण्याचा खर्च, शिफ्ट संपल्यावरचा ओव्हरटाईम हे सगळं भाड्याच्या वर असतं, आणि ठाण्याच्या टोकाला ते अंधेरीपेक्षा जास्तच पडतं. ज्याच्याकडे स्वतःचा साधा मिररलेस कॅमेरा आहे आणि जो तुमच्यापासून तीन स्टेशनांवर राहतो, तो पहिल्या लघुपटासाठी जास्त कामाचा.

आधी दुसऱ्याच्या शूटवर जा

माणसं मिळवायचा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा मार्ग हा. दुसऱ्या कुणाच्या लघुपटावर एक-दोन दिवस काम करा. क्लॅप द्या, कंटिन्युइटी (एका शॉटमधून दुसऱ्यात काय तसंच राहायला हवं ते) लिहा, चहा आणा, रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना "दोन मिनिटं, काका" म्हणा. सेटवर आठ तास काढले की कोण शांत राहतो, कोण आरडाओरडा करतो, कोण वायर नीट गुंडाळून ठेवतो, हे कळतं. शो-रीलमधून, म्हणजे निवडक कामाच्या तुकड्यांच्या व्हिडिओतून, यातलं काहीच कळत नाही. शिवाय तुम्ही कसे आहात हे त्यांनाही दिसतं, आणि पुढे तुमचा फोन गेला की उचलला जातो.

अशी शूट कुठे सापडतात? ठाण्यात आणि नवी मुंबईत मास मीडिया शिकवणारी बरीच कॉलेजं आहेत. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून फिल्म करावीच लागते आणि त्यांना हात कमी पडतात. विभागाच्या सूचनाफलकावर, किंवा तिथे शिकवणाऱ्या सरांना-मॅडमना भेटून, "मला मदत करायचीय" एवढं सांगा. मदत मागणाऱ्यांची रांग असते. करायला आलेला माणूस लक्षात राहतो.

नाटकवाल्यांकडे जा

आपल्याकडे सिनेमासाठी नट शोधायची सोय आयतीच आहे, आणि ती म्हणजे एकांकिका. कॉलेज सुरू झालं की तालमी बसतात आणि पुढे थंडीपर्यंत स्पर्धांचा हंगाम चालतो. आयएनटी (इंडियन नॅशनल थिएटर) आणि लोकसत्ता लोकांकिका या स्पर्धा, मग वर्षभरातल्या पहिल्या आलेल्या एकांकिका जिथे एकमेकींसमोर येतात ती चतुरंग प्रतिष्ठानची सवाई स्पर्धा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा वेगळी. मासुंदा तलावासमोरचं गडकरी रंगायतन, घोडबंदर रोडजवळचं काशिनाथ घाणेकर, वाशीचं विष्णुदास भावे, पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह: यातल्या एखाद्या ठिकाणी स्पर्धा असेल त्या दिवशी जाऊन बसा.

नट बघाच, पण प्रयोग संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीपाशी थांबून विंगेतली माणसं शोधा. प्रकाशयोजना कुणाची होती, नेपथ्य कुणी उचललं, रंगभूषा कुणाची, संगीत कोण वाजवत होतं. एकांकिकेतली बॅकस्टेजची मुलं काही मिनिटांत सेट लावतात आणि तितक्याच वेळात उतरवतात. त्यांना शिस्त शिकवावी लागत नाही आणि त्यांना सिनेमासाठी फारसं कुणी विचारतही नाही. कला दिग्दर्शन, वेशभूषा, सहायक दिग्दर्शन यासाठी मी आधी तिथेच बघेन.

नटांबद्दल एक सावधगिरी. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय लागलेली असते, आवाजही, चेहराही. म्हणून नाटकात आवडलेल्या नटाला लगेच भूमिका देऊन मोकळे होऊ नका. मोबाईलचा कॅमेरा तीन फुटांवर ठेवून त्याच्याकडून एक साधा प्रवेश करून घ्या, आणि तोच प्रवेश "शेजारी झोपलेलं माणूस उठू नये" अशा आवाजात पुन्हा. दुसऱ्या वेळी काय बदलतं ते पाहा. ज्याला बदल करता येतो तो तुमचा नट.

पात्र लहान मुलाचं असेल तर वेगळे नियम लागतात. बालकामगार कायद्याखालच्या नियमांनुसार मुलाला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पहिल्याच लघुपटात हे झेपणार नसेल तर पात्राचं वय वाढवा.

चित्रपट बघणाऱ्यांमध्येही माणसं सापडतात. १९६८ पासून चालू असलेलं प्रभात चित्र मंडळ (फिल्म सोसायटी), फिल्म्स डिव्हिजनने १९९० मध्ये सुरू केलेला आणि आता एनएफडीसी (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) भरवत असलेला माहितीपट-लघुपटांचा मिफ महोत्सव, या ठिकाणी खेळानंतर बाहेर जी चर्चा रंगते तिच्यात उभे राहा. पण तिथे बोलणारे जास्त आणि रविवारी सकाळी सातला येणारे कमी, हेही ध्यानात असू द्या.

कॅमेऱ्याआधी साऊंड

सगळे जण पहिला फोन कॅमेरामनला करतात. माझा सल्ला, पहिला फोन साऊंडवाल्याला करा. दिसायला किंचित कमी असलेला लघुपट प्रेक्षक सहन करतो. संवाद ऐकू न येणारा अर्ध्या मिनिटात बंद करतो. आणि आपल्या भागात आवाज हा मोठाच प्रश्न आहे. कळव्यात, कोपरीत खिडकीखालून गाडी जाते. तुर्भ्याला एपीएमसीचे ट्रक रात्रभर, रबाळे-महापेला एमआयडीसीची घरघर. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यामुळे उलवे-पनवेलकडच्या जागा आता विमानांच्या हिशेबानेही तपासायच्या.

साऊंडवाला माणूस बरा की कसा, हे ओळखायची एक सोपी पद्धत आहे. त्याला शूटच्या जागेवर घेऊन जा आणि गप्प बसा. कच्चा माणूस लगेच माईकच्या मॉडेलबद्दल बोलायला लागतो. तयार माणूस आधी पंखा बंद करतो. मग फ्रिजचं बटण शोधतो. खिडकी लावून, उघडून, पुन्हा लावून ऐकतो. टाळी वाजवून खोली किती घुमते बघतो आणि विचारतो, "इथे दोन गाद्या, चादरी मिळतील का?" खाली उतरताना वॉचमनला विचारतो, "दादा, पाण्याची मोटर किती वाजता लावता?" असा माणूस मिळाला तर त्याच्या तारखेप्रमाणे बाकीच्यांच्या तारखा हलवा.

हे जमलंच नाही तर निदान एवढं पाहा: बूम (लांब काठीवरचा माईक) धरायला वेगळा माणूस, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्‌झला, आणि प्रत्येक जागेचा अर्धा-एक मिनिट रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज. सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहून रूम टोन घेताना हसू येतं. येऊ द्या, संपलं की परत घ्या.

कॅमेरामनशी बोलताना शो-रीलमधल्या ड्रोन शॉटवर भुलू नका. त्याला तुमच्या खोलीत ट्यूबलाईटखाली एक चाचणी घ्यायला सांगा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर धरलं नाही तर काही दिवे लुकलुकतात. हे त्याने न सांगता केलं तर निश्चिंत व्हा. संकलक मात्र शूटआधीच ठरवा. शूट झाल्यावर आलेला संकलक "हा शॉटच घेतला नाहीत?" एवढंच म्हणू शकतो, आधी आलेला शॉट डिव्हिजन (कुठला प्रवेश कुठल्या शॉटमध्ये घ्यायचा याची यादी) वाचून तेच दोन आठवडे आधी म्हणतो.

आणि प्रॉडक्शन. परवानगी, जेवण, गाडी, पाणी, वेळ हे सगळं बघणारं माणूस. दिग्दर्शकाने हे स्वतः करू नये, कारण मग तो दिग्दर्शन करत नाही. हे माणूस फिल्मवाल्यांमध्ये शोधायची गरजच नाही. तुमच्या गल्लीतल्या गणपती मंडळात जो कार्यकर्ता मंडपाच्या परवानग्या आणतो, जनरेटरवाल्याशी घासाघीस करतो आणि विसर्जनाच्या रात्री दोनशे माणसांना वडापाव पोचवतो, तो लघुपटाचं प्रॉडक्शन डाव्या हाताने करेल. त्याच्याच ओळखीने मंडप डेकोरेटरकडून हॅलोजन, वायरी, टेबलं मिळतात.

परवानगीचं थोडक्यात. घर असेल तर मालकाचं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचं लेखी पत्र. सार्वजनिक जागांसाठी राज्य सरकारच्या फिल्म सेलची एक खिडकी योजना. रेल्वेचं स्वतंत्र, आणि येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं, म्हणून तिथे वनखातं. ड्रोन उडवायचा विचार असेल तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, ड्रोन कुठे उडवता येतो त्याचा नकाशा आधी बघा.

निरोप कसा लिहायचा

व्हॉट्सॲपवर फिरणारे निरोप साधारण असे असतात: "पॅशनेट टीम हवी आहे. नो बजेट पण चांगलं एक्स्पोजर मिळेल. इंटरेस्टेड लोकांनी डीएम करा." यावर उत्तर द्यायला काही शिल्लकच नाही. त्याऐवजी असं लिहा:

"मराठी लघुपट, अकरा पानं, दोन पात्रं, एकच घर (कळवा पश्चिम, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं). तीन रविवार, सकाळी ७ ते संध्याकाळी ६. सिंक साऊंड (शूट करतानाच संवाद रेकॉर्ड) करणारी व्यक्ती हवी आहे. रेकॉर्डर आणि बूम आमच्याकडे आहे. मानधन देता येणार नाही; प्रवास, नाश्ता, जेवण आमच्याकडे. टीममध्ये सध्या पाच जण, त्यात दोन मुली. पटकथा वाचायला पाठवतो. वाचून नाही म्हणालात तरी चालेल."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली की हो म्हणणारे खरे असतात. आणि एका निरोपात एकच माणूस मागा. कॅमेरामन, नट, संगीतकार, मेकअप सगळं एकदम मागितलं की वाचणाऱ्याला कळतं, इथे अजून कुणीच नाही.

ज्याला पाठवताय त्याने केलेलं काहीतरी आधी बघा आणि त्याबद्दल एक ओळ लिहा. "तुमचं काम खूप आवडलं" अशी गुळमुळीत नको. "स्वयंपाकघरातल्या प्रवेशात भांड्यांचा आवाज ठेवलात, म्हणून तुम्हाला विचारतोय" अशी.

भेट आणि चाचणी

पहिली भेट स्टेशनजवळ, सगळ्यांना सोयीची. मिसळ खायला मामलेदारकडे जरूर जा, पण पटकथा तिथे वाचू नका. मागे लोक जागेसाठी उभे असतात. वाचनासाठी कुणाचं घर, सोसायटीचा हॉल, वाचनालयाची खोली बघा. सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्याने वाचा आणि नंतर तुम्ही गप्प राहा. जो माणूस प्रश्न विचारतो, "हिने दार का उघडलं?" असं काहीतरी, तो पटकथेत शिरला. जो फक्त "मस्त, करूया" म्हणतो, त्याच्यासाठी पर्यायी माणूस मनात ठेवा.

मग खरं शूट लावण्याआधी अर्धा दिवस काढून एक मिनिटाची फिल्म करा. मूळ पटकथेतला प्रवेश नको, वेगळीच साधी गोष्ट: कुणीतरी किल्ली शोधतंय, एवढी. शूट, संकलन, आवाज सगळं करून त्याच आठवड्यात संपवा. कोण वेळेवर आलं, फाईली कुणी नीट नाव देऊन ठेवल्या, मतभेद झाला तेव्हा कोण काय बोललं, हे यात उघडं पडतं. इथे कुणाशी जमलं नाही तर हसतखेळत निरोप घेता येतो. मुख्य शूटच्या मध्यावर ते जमत नाही.

लेखी करा, मित्र असले तरी

"आपल्यात कशाला कागद?" हे वाक्य ऐकलं की कागद काढा. भांडणं होतात ती फिल्म बरी झाल्यावर. वाईट झाली तर कुणी हक्क सांगायला येत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. तेव्हा निर्माता कोण हे आधी ठरवा. खर्च पाच जणांनी वाटून केला असेल तर पाचही नावं लिहा. पटकथा मात्र लेखकाची. तिचे हक्क निर्मात्याकडे जायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच जातात, तोंडी नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशी महोत्सवाला पाठवायचं स्वप्न असेल तर "जगभरासाठी" हा एक शब्द विसरू नका. पटकथेची नोंदणी सक्तीची नाही, पण कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. पूर्ण झालेल्या चित्रपटासाठी ५,००० रुपये. संगीतकार मित्राकडूनही असाच कागद घ्या. एखाद्या कवीची कविता वापरायची असेल तर त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात, म्हणजे परवानगी लागते.

कागदावर बाकी साध्या मराठीत लिहा: कोण काय काम करणार, किती दिवस, श्रेय नेमकं कुठल्या शब्दांत, पैसे मिळाले तर आधी खर्च कुणाचा फिटणार आणि उरलेले कसे वाटणार, बक्षिसाचं काय, आणि आपल्या शो-रीलमध्ये शॉट कधीपासून वापरता येतील. एक पान पुरतं. सगळ्यांच्या सह्या, प्रत्येकाला फोटो.

पैशाबाबत एकच. काही जणांना मानधन आणि काहींना नाही, असं असू शकतं. व्यावसायिक लाईटमन किंवा मेकअपवाले फुकट का येतील? पण ते लपवू नका. शिफ्ट किती तासांची आणि ओव्हरटाईम कधी सुरू होतो हेही आधीच बोलून घ्या. लपवलेलं दुपारच्या जेवणापर्यंत सेटवर सगळ्यांना कळलेलं असतं.

शूट झाल्यावर

कार्ड रिकामं करण्याआधी फुटेजच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी. हार्ड डिस्क कुणाकडे राहणार हे कागदावर आलेलं बरं. नंतरच्या महिन्यांत माणसं गळतात ती कंटाळून नव्हे, काही कळत नाही म्हणून. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी ग्रुपवर दोन ओळी टाका. काम पुढे सरकलं नसेल तर "या पंधरवड्यात काही झालं नाही, संकलकाची परीक्षा आहे" असंच टाका. पहिला कट (संकलनाचा पहिला खर्डा) सगळ्यांना पाठवू नका, तीन जणांना बोलावून एकत्र दाखवा.

श्रेयनामावली तयार झाली की तिचा फोटो काढून प्रत्येकाला पाठवा आणि स्वतःचं नाव तपासून "बरोबर" असं उत्तर मागा. ऱ्हस्व-दीर्घ, वडिलांचं नाव हवं की नको, लग्नाआधीचं आडनाव की नंतरचं, हे ज्याचं त्यानेच सांगायचं. ज्यांनी घर दिलं त्या काकूंचं, सोसायटीच्या सेक्रेटरींचं आणि मोटर अर्धा तास उशिरा लावणाऱ्या वॉचमनदादांचं नावही त्यात घाला, आणि त्यांनाही ते दाखवूनच पक्कं करा.